घाणेरीत गेलेला बॉल

बेल्लमपल्ली,
रविवार, ४ जानेवारी १९८७

भिवाजीदादास मोतीरामचा जयभीम.

वर्षभरात तुम्हाला दोन पत्रं टाकली. एकाचंही उत्तर नाही. हे तिसरं टाकायचा धीर झाला तो वहिनींच्या कार्डामुळे. सखूवहिनींनी आपल्या गावच्या, तामसीच्या, शाळेतल्या मास्तरांकडून मला चार ओळी लिहून पाठवल्या आहेत. तुम्हाला सांगू नका असं त्यांनी बजावलंय, पण या घरात एक गोष्ट लपवून जे झालं ते पुरे झालं. असो. रागावू नका त्यांच्यावर. त्या लिहितात, "उटनूरच्या वसतिशाळेत मैदान राखाले माणूस घेऊन राह्यले. यायचं नाव यादीत पयलं हाय. पन मागच्या जागेचा नेकचलनीचा दाखला मांगतेत. पंधरा फेब्रुवारीच्या आत पायजे. हे काई तुमाले मांगत नाई. म्हून मी मांगते."

दाखला मी आणतो. सतरा वर्षं तुम्ही या कोळसा खाणीच्या ऑफिसर क्लबचं गोल्फचं मैदान राखलं. मुरमाच्या माळावर तुम्ही गवत जगवलं. बॉल ज्यात घालायचा त्या खड्ड्याभोवतीची वाळू तेल घालून, रूळ फिरवून अशी दाबायचात की बॉल पाटावरून गेल्यासारखा जायचा. आता तिथे खाचा पडल्यात. तुमच्या जागी रामाजीला घेतलंय. तो गरीब माणूस स्पर्धेच्या वेळी बॉल कुठे पडला ते दाखवायला पुढे लाल फडकं घेऊन उभा राहतो, पण बॉल पडला की दोन्ही हात मागे बांधून दहा पावलं लांब सरकतो. कुणी विचारलं तर म्हणतो, "मी नाय पायला." मागच्या साली तुमचं जे झालं त्याची धास्ती घेतलीय त्याने.

त्या दिवसाबद्दल मला वाईट वाटतं. क्लबवाल्यांनी नीट चौकशी करायला हवी होती. गर्दी होती, घाई होती, कुणाचं काय चुकलं ते कुणाला कळलं नाही. पण तुम्ही दोन दिवसांत सामान बांधून, मला न सांगता निघून गेलात, तेही मनाला लागलं.

दाखल्याचं माझ्यावर सोडा. ताराचा तुम्हा दोघांना नमस्कार.

तुमचा,
मोतीराम


बेल्लमपल्ली,
रविवार, १८ जानेवारी १९८७

दादा,

काल सेक्रेटरीसाहेबांना भेटलो. आधी म्हणाले, दाखला कशाला, तो गेला ना? मग कपाटातून क्लबचं रजिस्टर काढलं आणि माझ्यापुढे उघडं ठेवलं. ९ फेब्रुवारी १९८६ ची नोंद इंग्रजीत आहे. मराठीत अशी होते: 'अंतिम सामन्यात सतराव्या खड्ड्यावर पुढे उभा असलेला मजूर भिवाजी याने खेळणाऱ्या भावाचा झुडपात गेलेला बॉल पायाने बाहेर ढकलला. खेळाडूचा दोष नाही. मजुरास कामावरून काढले.'

मी म्हटलं, "साहेब, त्यांनी असं केलं नाही."

"तुमने देखा?"

"ते तसे माणूस नाहीत."

"वो नहीं पूछा. बॉल अंदर गया, सबने देखा. बाहर मिला, सबने देखा. तो बाहर कैसे आया, मोतीराम? कोई बताए तो मैं अभी लाइन काटता हूँ. तुम बताओ."

खिडकीतून कोळशाची गाडी जाताना दिसत होती. मी तिचे डबे मोजत उभा राहिलो. मग म्हणालो, "मुझे मालूम नहीं साहब." त्यांनी रजिस्टर मिटलं.

तुम्ही निराश होऊ नका, मी पुन्हा जाईन. साहेबांना सध्या फुरसत नाही. आठ फेब्रुवारीला यंदाचा अंतिम सामना आहे आणि त्यात मी आहे, पुन्हा डॉक्टरसाहेबांशीच.

तुम्हाला एक सांगायचं होतं. मी तुमच्या बॉलवर परत आलोय. मी शिकत होतो तेव्हा तुम्ही म्हणायचात, "डाक्तरचा बॉल डाक्तरच्या हाताले. तुवा हात उजवीकडं उघडते. मऊ बॉल तुयी चूक मोठी करून दाखवते, दगडी बॉल पोटात घेते." मला तेव्हा राग यायचा. ज्याने काठी हातात धरून कधी पूर्ण डाव खेळला नाही, त्याने मला काय शिकवावं! मागच्या साली डॉक्टरसाहेबांनी त्यांच्या भावाने बाहेरदेशातून आणलेल्या मऊ सालीच्या बॉलची डबी मला दिली, तेव्हा मला वाटलं, आता मी त्यांच्या बरोबरीचा झालो. तुम्ही जुन्या, टणक सालीच्या दगडी बॉलांवर खुणेचे दोन ठिपके काढून माझ्यापुढे धरलेत. ते मी सगळ्यांसमोर तुमच्या हातात परत दिले.

गेल्या महिन्यात एकटाच सातव्या खड्ड्याचा पहिला फटका जिथून मारतात त्या ओट्यावर गेलो. दोन्ही तऱ्हेचे वीस-वीस बॉल मारले. मऊ बॉल वीसपैकी अकरा वेळा उजवीकडे वळून रानात गेला. दगडी चारच वेळा. दगडी बॉल हातात टणक लागतो, फटका बोटांना झिणझिण्या आणतो, पण निघतो सरळ, आणि मुरमावर पडला की आणखी तीस-चाळीस पावलं पळतो. मऊ बॉल उंच जाऊन जागीच थांबतो म्हणतात, तो डॉक्टरसाहेबांचा थांबतो. त्यांचा फटका स्वच्छ बसतो. माझा अर्धवट बसला की सालीला चीर पडते आणि मग तो बॉल कुणाच्याच कामाचा राहत नाही. आता महिनाभर एकच बॉल वापरतोय. खड्ड्याजवळच्या हलक्या टोल्याला किती जोर लागतो, ते हाताला कळू लागलंय. तुम्ही हे सगळं इतकी वर्षं दुरून बघून ओळखलं होतं.

दाखल्याचं बघतो.

मोतीराम


बेल्लमपल्ली,
रविवार, १ फेब्रुवारी १९८७

दादा,

मागच्या पत्रात मी दोन पानं बॉलबद्दल लिहिलं. ते लिहिताना मला ठाऊक होतं की मी कशापासून पळतोय.

आज लिहितो. लिहायला बसण्याआधी ताराला सगळं सांगितलंय, म्हणजे आता हे पत्र फाडता येणार नाही.

त्या दिवशी सोळा खड्डे झाले तेव्हा आम्ही बरोबरीत होतो. सतराव्याला डॉक्टरसाहेबांचा बॉल मधोमध पडला. माझा निघाला सरळ आणि मग हवेतच उजवीकडे वाकत वाकत घाणेरीच्या जाळीत, अगदी आत गेला. तुम्ही लाल फडकं वर करून जागा दाखवलीत. जागा बरोबर होती. मी मागच्या बाजूने जाळीत शिरलो. पाच मिनिटांत बॉल मिळाला नाही तर मागे जाऊन पुन्हा मारायचा, म्हणजे तो खड्डा गेल्यातच जमा होता. सेक्रेटरीसाहेब घड्याळ बघून म्हणाले, "चार मिनट हो गए."

माझ्या खिशात त्याच डबीतला दुसरा बॉल होता. त्यावर छापलेलं कंपनीचं नाव तेच, आकडाही तोच, तीन. तुमचे ठिपके मी त्यावर काढू दिले नव्हते, त्यामुळे दोघांत फरक काहीच नव्हता. मी तो जाळीच्या कडेला, वाळल्या पाल्यावर सोडला. पँटीला लागून घरंगळला, आवाजही झाला नाही. आणि मी ओरडलो, "मिळाला!"

दादा, तो बॉल मी टाकला. तुम्ही त्याला हात लावला नाही, पायही लावला नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या बाजूने कसं होतं ते सांगतो. डॉक्टरसाहेब म्हणाले, "ये तो अंदर गया था. बाहर कैसे आया?" सेक्रेटरीसाहेबांनी तुमच्या हातातल्या फडक्याकडे बघितलं, मग तुमच्या पायाकडे. तेलुगूत म्हणाले, "भिवाजी, निजं चेप्पु." खरं सांग. तुम्ही त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलंत. किती वेळ बघत होतात, मला ठाऊक नाही, कारण मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. नाडी सुटलेली नव्हती. वर तुमचा आवाज ऐकू आला, "मी हात लावला नाही साहेब." आणि साहेबांचा, "हाथ नहीं, पैर."

मी वाकलेलाच राहिलो.

तुम्ही मला बॉल टाकताना बघितलंत की नाही, हे मला आजवर माहीत नाही. बघितलं नसेल अशी आशा धरून मी वर्ष काढलं. सतराव्यावर बरोबरी राखली, अठरावा जिंकला, कप घरी आणला, फळ्यावर माझं नाव चढलं. घरी आलो तर तारा म्हणाली, "भावजींले काढलं म्हणतेत, अन् तुमी कप पुसून राह्यले?" मी तिलाही सांगितलं नव्हतं. आज तिने शेवटपर्यंत ऐकलं. उठून चुलीपाशी गेली आणि तिकडूनच म्हणाली, "आता सामन्याआधी सांगान का सामन्यानंतर?"

तोच प्रश्न आहे. मॅनेजरसाहेबांनी दोन वर्षांपूर्वी आम्हा बारा स्टाफवाल्यांना परीक्षा म्हणून खेळू दिलं. कारकून, खाणीत उतरणारे ओव्हरमन, सर्व्हेतले. सामना संपल्यावर कमिटी ठरवणार आहे की आम्हाला कायमचं सभासद करायचं की नाही. परवा उत्तमराव ओव्हरमन माझ्या टेबलाशी येऊन बसले. त्यांना सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगायचा धीर झाला नाही. ते दार लावून आले. म्हणाले, "मोतीराम, तोंड बंद ठेव. आपल्यातला एक चोर निघाला की बाराही चोर. ते लोक वाटच पाहून राह्यले. तुया भावाले दुसरी नोकरी भेटंल, आपल्याले हे मैदान पुन्हा भेटनार नाई."

मी म्हटलं, "दाखल्याशिवाय भेटत नाही ना."

"मग सामना होऊ दे, सभासद होऊ दे, मग सांग."

कमिटी वीस तारखेला बसते. तुमचा दाखला पंधराला हवा.

काय करावं ते समजत नाही. तुम्ही समोर असतात तर तुम्हालाच विचारलं असतं. माझ्या सगळ्या अडचणी मी तुम्हालाच विचारत आलो.

मोतीराम


बेल्लमपल्ली,
शुक्रवार, १३ फेब्रुवारी १९८७

दादा,

दाखला वहिनींच्या हातात दिला तो तुम्हाला मिळाला असेलच. मी आलो तेव्हा तुम्ही वावरात होतात, म्हणून बोलणं राहिलं. वहिनींनी पाणी दिलं. परतीची बस गाठायची होती. तेव्हा रविवारी काय झालं ते इथे लिहितो.

सकाळी सातला सगळे पहिल्या ओट्याशी जमले. साहेबलोक, त्यांच्या बायका, खुर्च्या, चहा. आमचे अकरा जण इस्त्रीचे कपडे घालून एका बाजूला उभे. मागच्या सालच्या घोटाळ्यामुळे यंदा नियम केलाय, की सुरू करण्याआधी खेळाडूने आपला बॉल सगळ्यांना दाखवायचा, नाव, आकडा आणि खूण सांगायची. डॉक्टरसाहेबांनी सांगितलं. मग सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "और ये हमारे पिछले साल के विजेता. मोतीराम, कौन सा बॉल?"

मी रात्रीतून ठरवलं होतं की सामना खेळेन आणि संपल्यावर सांगेन. खरंच तसंच ठरवलं होतं. मी बॉल पुढे धरला. दगडी, आकडा एक, दोन ठिपके. तोंड उघडलं, पण नाव-आकडा बाहेरच येईना. रामाजी लांब पुढे जाऊन उभा होता, हात मागे बांधून. सगळे माझ्याकडे बघायला लागले. डॉक्टरसाहेब हलकेच म्हणाले, "तबियत ठीक है?"

मी म्हटलं, "साहब, पिछले साल सतरहवें पर बॉल मैंने डाला था. जेब से. मेरे भाई ने कुछ नहीं किया."

पहिल्यांदा कुणाला समजलंच नाही. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "क्या?" मग मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने, आणि काठी जमिनीत रोवून उभा राहिलो. आमच्या लोकांतून कुणीतरी शिवी दिली. मी वळून बघितलं नाही, पण आवाज उत्तमरावांचा होता. साहेबांच्या बाजूला एकजण हसून इंग्रजीत काहीतरी म्हणाला, त्यात 'दीज पीपल' एवढं ऐकू आलं.

डॉक्टरसाहेबांनी त्याला हाताने थांबवलं. मला विचारलं, "सिर्फ एक बार?"

"एक ही बार साहब."

"और भाई को निकाला, तब तुम वहीं थे?"

"वहीं था."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या नजरेत राग असता तर बरं वाटलं असतं. मग काठी पिशवीत घालून म्हणाले, "मैं नहीं खेलूँगा आज," आणि निघून गेले.

सामना झाला नाही. माझं नाव फळ्यावरून त्याच दुपारी खरवडलं, मला मैदानावर यायची बंदी झाली, आणि ते बरोबरच आहे. सोमवारी सेक्रेटरीसाहेबांनी ऑफिसात बोलावून रजिस्टरातली ती ओळ माझ्यासमोर कापली आणि बाजूला सही केली. दाखला लिहायला बसले तर तिसऱ्या ओळीला थांबले. म्हणाले, "इतने साल का आदमी था. मैंने एक बार भी दुबारा नहीं पूछा." मग लिहिलं, की सतरा वर्षं काम चोख, वागणूक उत्तम, ठेवलेला आरोप चुकीचा होता. 'चुकीचा होता' हे लिहा असं मी सांगितलं नव्हतं, त्यांनी आपणहून घातलं.

स्टाफच्या सभासदत्वाचं वीसला काय होतं कुणास ठाऊक. होईल असं वाटत नाही. उत्तमराव समोरून गेले तरी मान वळवतात. टेबलाभोवतीचे लोक चहाला बोलवत नाहीत. काल कुणीतरी माझ्या खुर्चीवर फुटका बॉल ठेवून गेलं होतं. मी तो उचलून टोपलीत टाकला आणि कामाला बसलो. हे तुम्हाला कीव यावी म्हणून लिहीत नाही. तुम्ही वर्षभर काय सोसलं असेल त्याचा अंदाज मला चार दिवसांत आला, एवढंच. आणि तुम्ही तर काही केलंही नव्हतं.

माफ करा असं लिहायला बसलो होतो. तो शब्द माझ्या तोंडी शोभत नाही. तुम्हाला जे वाटेल ते करा. उत्तर दिलं नाही तरी चालेल.

मोतीराम


तामसी,
ता. २६ फेब्रुवारी १९८७

मोतीराम,

जयभीम. माह्या हातानं लिवून राह्यलो, अक्षर समजून घे.

दाखला उटनूरले देल्ला. नाव लागलं. एक तारखेले कामावर जाचं हाय. सखू बी संगं येते.

तू लिवलं, का मी पाह्यलं का नाई हे तुले ठाऊक नाई. पाह्यलं. बॉल घाणेरीत गेला तो बी पाह्यला, अन् तुया हात खिशातून निंगाला तो बी पाह्यला. सायबानं इचारलं तवा मी तुयाकडं पाह्यलं. वाटलं, आता मोतीराम बोलंल. तू खाली वाकला. मंग मी इतकंच म्हटलं, का मी हात लावला नाई. तुयं नाव घेतलं नाई. तुयावर माया होती म्हून नाई घेतलं, असं समजू नको. त्या वक्ती मले तुयी लई घिन आली. पन ते बोलाचं काम तुवं होतं, माह्यं नोतं.

घरी आलो तं सखू म्हणे, जाऊन सांगा सायबाले. मी म्हटलं, तो सांगंल. आठ दिवसानं म्हणे, महिन्यानं म्हणे, दिवाळीले बी म्हणे. मी तेच म्हटलं. मंग तिनं म्हनाचं सोडलं. गावात लोक इचारत, काऊन आला बेल्लमपल्ली सोडून? मी म्हणो, मन लागत नोतं. वरीसभर असं खोटं बोललो. तुयी पत्रं आली, फोडली, वाचली. त्यात तुवं बोलणं कुटंच नोतं, म्हून उत्तर देल्लं नाई.

एक फेब्रुवारीचं तुवं पत्र आलं त्या दिवशी जेवलो नाई. राग आला का बरं वाटलं, ते आजून समजलं नाई.

तुयं ते लोक तुले नावं ठेवतीन. ठेवू दे. उत्तमरावचं बी चूक नाई, त्यायचं नुसकान झालं. त्यायले उलटून बोलू नको. रामाजीले सांग, हात मागं बांधून उभा राह्यत जाऊ नको म्हणा, कंबर धरते.

आता एक सांगाचं राह्यलं. तू घरी आलता तवा मी वावरात नोतो. आतल्या खोलीत बसून होतो. सखूले मीच तसं सांगाले लावलं. तुवं सगळं बोलणं आयकलं. तू तिच्या पाया पडला, तिनं पाय मागं घेतले, ते बी समजलं. पानी पेऊन गिलास खाली ठेवला, तवा मी उठलो होतो. दारापावतर आलो. कडीले हात लावला अन् तसाच उभा राह्यलो. तू गेला.

आता इतक्यात येऊ नको. उटनूरचं मैदान पाहून आलो, नुसते गोटे हायेत, ते येचाले दोन महिने लागतीन. मले बी तितका टाइम पायजे. मंग मी कार्ड टाकीन. तवा ये, ताराबाईले घेऊन ये, अन् दोन दिवस राह्याच्या तयारीनं ये.

भिवाजी